सर्जेराव मामांचे वळसे

मुकुंदवाडी,
११ ऑगस्ट २०२५

चि. रत्नमाला,

सप्रेम जयभीम. मामाचं पत्र, तेही पेनानं लिहिलेलं, बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. पत्र अशासाठी, की फोनवर माझा आता काडीचा भरवसा राहिलेला नाही. परवा तू फोनवर एवढंच म्हणालीस, "मामा, दोन बेडरूमचं बघा." मी फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि स्क्रीनवर दोन बेडरूमची जाहिरात हजर! तुझी मामी सुरेखा म्हणते योगायोग. पस्तीस वर्षं घरांची दलाली केलेल्या माणसाला योगायोग शिकवू नये. आमच्या धंद्यात योगायोग आम्हीच घडवून आणतो. फोन ऐकतो, हे नक्की. तेव्हा घराविषयी जे बोलायचं ते कागदावर. आमच्या गल्लीतला फकिरा तुझ्याच कंपनीची बस चालवतो. तो सकाळी पत्र देईल, संध्याकाळी उत्तर आणेल. वाचायचं नाही असं त्याला बजावलंय. वाचलंच, तर निदान तो जाहिरात तरी पाठवणार नाही.

आता मुद्दा. तुझ्या आईचा वैजापूरहून निरोप आला. पोरगी स्वतःच्या पगारावर घर घेतेय, बजाजनगरची खोली डिसेंबरात सोडायचीय, आणि घर मामाच्या हातूनच घ्यायचं, नाहीतर मुक्ताबाई घरभरणीला पाऊल टाकणार नाही. बहिणीनं एवढा विश्वास टाकला म्हणून माझा ऊर भरून आला. खरं सांगायचं तर वर्षभरात दुसऱ्या कोणी टाकलेला नाही. गिऱ्हाईक ऑफिसात येतं ते मोबाइलवर घर दाखवायला. भाव त्याला माहीत, मालक त्याला माहीत, वरून बाथरूमच्या फरशीचा रंगही माहीत. मला विचारतं, "काका, हे खरंय का?" मी हो म्हटलं की थँक्यू म्हणून जातं.

मामी म्हणते, पाटी उतरवा, तिथं पिठाची गिरणी टाकू. मी तिला शब्द दिलाय. धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत सख्ख्या भाचीला घर मिळवून देता आलं नाही, तर 'सर्जेराव इस्टेट एजन्सी' ही पाटी मी माझ्या हातानं उतरवीन. तेव्हा माझी पाटी आता तुझ्या हातात आहे. रविवारी ये. मोबाइल खोलीवर ठेवून आलीस तर उत्तम.

तुझा मामा,
सर्जेराव

*

बजाजनगर,
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

जयभीम आणि लगेच तक्रार.

मोबाइल मी खोलीवर ठेवला नव्हता. तो दोन्ही रविवार पर्समध्ये होता, आणि आपण कुठं कुठं गेलो ते त्यानं इमानदारीनं टिपून ठेवलंय. त्याची प्रिंट सोबत जोडली आहे. निळी रेघ म्हणजे तुमची स्कूटर. पहिलं घर तुमच्या ऑफिसपासून चारशे मीटरवर आहे. तिथं पोचायला आपण साडेनऊ किलोमीटर फिरलो. चिकलठाण्याच्या बाजूला जाऊन आलो, जालना रोड दोनदा ओलांडला, रसवंतीवर थांबलो, आणि मुकुंदवाडी स्टेशनजवळचा पेरूवाला तिसऱ्या खेपेला मला ओळखून हात करायला लागला. मी त्याला दोनदा हसून दाखवलं. तिसऱ्यांदा लाज वाटून पेरू घेतले.

आणि मालकाशी बोलायचं नाही, ही काय भानगड आहे? मी "नमस्कार" म्हणाले की तुम्ही खोकायचे. एका बाईंनी तर तुम्हाला ओव्याचा अर्क दिला.

कंपनीत मी क्वालिटी बघते, त्यामुळे रेघ वाकडी गेली की मला कारण लागतं. नकाशा नीट बघा. तुमच्या रेघा सिडकोच्या अख्ख्या एन-टूभर फिरल्यात, फक्त मधली एक गल्ली कोरी आहे. तिच्याभोवती आपण तीन वेळा फिरलो आणि आत एकदाही शिरलो नाही. त्या गल्लीत स्वरांजली अपार्टमेंट आहे. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट गेले पाच महिने अ‍ॅपवर आहे. दोन बेडरूम, पूर्वेची गॅलरी, माझ्या कर्जात बसणारा. तो मला तुम्ही का दाखवत नाही?

तुमची,
रत्नमाला

*

मुकुंदवाडी,
२७ ऑगस्ट २०२५

रत्नाबाई,

नकाशा मिळाला. मामीनं तो भिंतीला टेकवून लांबून बघितला आणि म्हणाली, "येवढी रांगोळी तुम्ही कधी दारात नाय काढली."

पोरी, वळसा हा आमच्या धंद्याचा पाया आहे. पार्टीला रस्ता लक्षात राहिला, की दुसऱ्या दिवशी पार्टी एकटीच मालकाकडे जाते, आणि तिसऱ्या दिवशी मला रस्त्यात बघून मेडिकलमध्ये शिरते. माझे उस्ताद रामकिसन यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर्ज्या, घर दाखव, गल्ली दाखवू नको. जाताना उजवीकून ने, येताना डावीकून आण, मधी रस पाज. उसाचा रस पेलेल्या माणसाला दिशा राहत नाय." या विद्येवर मी दोन पोरींची लग्नं केली. एक प्राध्यापक साहेब तर घर घेतल्यावरसुद्धा आठ दिवस संध्याकाळी माझ्या ऑफिसात येऊन विचारायचे, "सर्जेराव, आमचं घर कुठून?"

बोलू देत नाही त्यालाही कारण आहे. आपल्या मुलखात दोन माणसं दहा मिनिटं बोलली की त्यांच्यात पाहुणा निघतो. पाहुणा निघाला की दलाल बाहेर.

राहिली स्वरांजली. त्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी येतं. शिवाय गॅलरीसमोर ट्रान्सफॉर्मर आहे. दारही दक्षिणेला आहे, वास्तूच्या हिशेबानं वाईट. आणि मुख्य म्हणजे ते विकलं गेलंय. तेव्हा तो विषय सोड. या रविवारी रामनगरला जाऊ.

मामा

*

बजाजनगर,
१ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

पाणी अख्ख्या शहराला आठ दिवसांनी येतं, तुमच्याकडेही. गेल्या रविवारी मामीनं मला हात धुवायला तांब्या मोजून दिला. ट्रान्सफॉर्मर मी उपग्रहाच्या फोटोत शोधला. तिथं बदामाचं झाड आहे. दार पूर्वेला आहे. आणि मामा, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून तुम्ही मला वास्तूची भीती घालता? आईला सांगू का?

विकलं गेलंय म्हणता, तर मालकानं कालच नवे फोटो टाकलेत. स्वयंपाकघर पुसूनबिसून घेतलंय.

मला वाटतं ते स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तो मालक तुम्हाला कमिशन देत नसणार, म्हणून तुम्ही ते घर माझ्यापासून लपवताय. दुसऱ्या कोणाशी असं वागला असतात तर मी हसले असते. पण मी पार्टी नाही, भाची आहे. सगळी माहिती उघड्यावर पडलेली असताना तुम्ही अजून किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरताय, याचं मला वाईट वाटतं.

चौदा तारखेला मी एकटी जातेय. मालकाला मेसेज केलाय, त्यांनी अगत्यानं बोलावलंय. सरळ रस्त्यानं तुमच्या ऑफिसपासून चार मिनिटं लागतात, तेव्हा रस पिणार नाही.

रत्नमाला

*

मुकुंदवाडी,
३ सप्टेंबर २०२५

रत्ना,

जाऊ नकोस. त्या घरात कुत्रं आहे. दोन आहेत. मालक स्वभावानं तापट आहे आणि त्याला कमी ऐकू येतं. पाहिजे तर दुसरी दहा घरं दाखवतो, सरळ रस्त्यानं, तू मालकाशी पोटभर बोल, मी खोकणार नाही. पाटी उतरवावी लागली तरी हरकत नाही. पण तिथं जाऊ नकोस, माय.

फकिराला आज थांबायला सांगितलंय. 'जात नाही' एवढंच लिहून दे.

मामा

*

बजाजनगर,
१६ सप्टेंबर २०२५

मामा,

त्या दिवशी फकिराकाकांना मी रिकामं परत पाठवलं, कारण मी जाणारच होते. आणि गेले.

कुत्रं नव्हतं. विश्वजीतराव तापट नाहीत, आणि त्यांना ऐकू तर फारच चांगलं येतं. इतका सज्जन मालक तुम्ही मला दोन रविवारांत दाखवला नव्हता. त्यांचं स्वतःचं घर खालच्या मजल्यावर आहे. स्वतः वर येऊन फ्लॅट दाखवला, नळ सोडून दाखवले, गॅलरीत उभं राहून म्हणाले, "इथं सकाळी ऊन येतं, तुमची तुळस छान राहील." मग खाली नेलं. वहिनींना चहा टाकायला सांगितला.

"गाव कोणतं म्हणालात?"

"वैजापूर."

"अरे वा! आमची मोठी बहीण दिलीय तिकडं. मार्केट यार्डाजवळ. म्हणजे तुम्ही आमच्या पाहुण्यातल्याच की हो. वैजापूरला कुणाच्या घरातल्या?"

मला तुमचं वाक्य आठवलं, दहा मिनिटांत पाहुणा निघतो. इथं पाचच मिनिटं लागली. मी हसले आणि म्हणाले, "तुम्ही ओळखणार नाही."

"का नाही? सांगा तर. पूर्ण नाव काय?"

मी पूर्ण नाव सांगितलं.

मामा, ते काही वाईट बोलले नाहीत. ते नुसते मोबाइलकडे बघायला लागले. मग म्हणाले, "हात्तिच्या, आमच्या पोरानं, ऋतुराजनं, सकाळीच एकाकडून टोकन घेतलं म्हणे. माझ्या ध्यानातच नव्हतं. तुम्हाला उगाच चक्कर पडली." आतून वहिनी ट्रे घेऊन दारापर्यंत आल्या होत्या, त्यांना त्यांनी डोळ्यांनी काहीतरी सांगितलं आणि त्या परत फिरल्या. मी उठले. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. गाडी जपून चालवा म्हणाले.

कोपऱ्यावर पोचले तोवर मोबाइल वाजला. अ‍ॅपवरून संदेश होता. तुम्ही पाहिलेल्या घराची किंमत कमी झाली आहे, त्वरा करा.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हसले, आणि मग मला रडू आलं. एकतीस वर्षांची बाई, हाताखाली बारा माणसं, आणि एन-टूच्या कोपऱ्यावर रडतेय. तो पेरूवाला तिकडे नव्हता हे बरं.

मला एकच सांगा. तुम्हाला हे माहीत होतं?

रत्नमाला

*

मुकुंदवाडी,
४ ऑक्टोबर २०२५

चि. रत्नमाला,

उत्तराला अठरा दिवस लावले. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. मामी म्हणाली, आता वहीच संपंल.

हो, माहीत होतं.

१९९८ साली माझा जिवलग मित्र धम्मपाल, बँकेत कॅशियर, घर शोधत होता. विश्वजीतरावांचे वडील तेव्हा हयात होते, त्यांचा खालचा मजला विकायचा होता. मी मोठ्या ऐटीत धम्मपालला घेऊन गेलो. तुला जे विचारलं तेच विचारलं. तुला जे सांगितलं तेच सांगितलं. बाहेर आल्यावर धम्मपाल मला टपरीवर घेऊन गेला, इकडचं तिकडचं बोलला, आणि त्यानंतर घर त्यानं दुसऱ्या दलालाकडून घेतलं, तुझ्या बजाजनगरातच. आम्ही आजही भेटतो, लग्नात, जयंतीला. पण तो मला 'सर्जेरावजी' म्हणतो. आधी 'सर्ज्या' म्हणायचा.

तेव्हापासून मी डोक्यात एक यादी केली. एकूण अकरा घरं. तिकडे आपल्या समाजाच्या माणसाला न्यायचं नाही. मुसलमान पार्टीसाठी वेगळी यादी, ती जास्त लांब. पार्टीनं त्या घराबद्दल विचारलं, की मीच सांगायचं, विकलं गेलं. माझे वळसे धंद्यासाठी होते हे खोटं नाही, पण निम्मेच. निम्मे वळसे ती अकरा दारं चुकवण्यासाठी होते. माणसानं घर बघायला हौसेनं केस विंचरून यावं आणि असं परत जावं, हे मला पुन्हा बघायचं नव्हतं. माझ्या पाटीवरही बघ, नुसतं 'सर्जेराव'. पुढं काही नाही. ते मी विसरलो नव्हतो.

परवा धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. विहारातून आलो, स्टूल घेतलं आणि पाटी उतरवली. शब्द दिला होता. मामीला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती स्टूल धरून उभी होती आणि वर बघत नव्हती.

तुला त्या दारातून परत यावं लागलं, याला मीच कारण. कुत्र्याऐवजी खरं सांगितलं असतं, तर तू गेली नसतीस.

मामा

*

बजाजनगर,
६ ऑक्टोबर २०२५

मामा,

खरं सांगितलं असतं तरी मी गेले असते. त्यामुळे ते ओझं खाली ठेवा.

पण तुमचं पत्र वाचून मला तुमचा राग आलाय, आणि विश्वजीतरावांपेक्षा जास्त आलाय. तो माणूस खोटं बोलला, निदान स्वतःच्या तोंडानं बोलला. तुम्ही सत्तावीस वर्षं त्यांच्या वाटचं खोटं फुकटात बोलत आलात. "विकलं गेलं" हे त्यांनी म्हणायला पाहिजे होतं, प्रत्येक वेळी, आमच्या डोळ्यांकडे बघून. तुम्ही आमचं मन जपलं हे मला कळतं. पण त्या अकरा घरांची अब्रूही तुम्हीच जपली. एवढी वर्षं गावात ते सज्जन म्हणून फिरले, कारण मधे तुमची स्कूटर होती.

आणि अ‍ॅपचंही ऐका. मला वाटत होतं त्यावर सगळं दिसतं. फरशी दिसते, नळ दिसतो, पाच महिने कोणी घेतलं नाही हे दिसतं. हे एक दिसत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही ते कमरेला लावून बसलाय.

पाटी परत चढवा. मी जाहिरात तयार केली आहे, खाली देते. एक अक्षर बदलायचं नाही.

"घर घ्यायचंय किंवा भाड्यानं पाहिजे? आमच्याकडे जात, धर्म, आडनाव, चुलीवर काय शिजतं आणि नवरा आहे की नाही, हे विचारलं जात नाही. मालकही विचारणार नाही, याची खात्री आम्ही आधी करून घेतो. घराबद्दल मात्र सगळं सांगितलं जाईल, पाणी किती दिवसांनी येतं त्यासकट. आपणही घर देताना यातलं काही विचारत नसाल, तर जरूर कळवा."

खाली तुमचं नाव, पूर्ण. आणि फोन नंबर. फोन ऐकतो म्हणता ना, ऐकू दे.

रत्नमाला

*

मुकुंदवाडी,
२ नोव्हेंबर २०२५

रत्ना,

घाईत लिहितोय. फोन चालू आहे, मामी घेतेय. ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते, हे मला लग्नाच्या चौतीस वर्षांत फक्त घरापुरतं ठाऊक होतं.

जाहिरात टाकली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन, एक शेख म्हणून लेक्चरर. मी त्यांना म्हणालो, "साहेब, नाव सांगायची गरज नाय." ते म्हणाले, "अरे भाई, सालों से छुपा रहा हूँ, आज तो बोलने दो." मग बीडची दोन पोरं, एक घटस्फोटित नर्सबाई, सुकट खाल्ल्याशिवाय जेवण न जाणारे एक कोकणातले साहेब, आणि पहाटे तबला वाजवणारा एक माणूस. तबलेवाल्याला मी म्हणालो, आडनाव चालंल हो, पण तबल्याचं शेजाऱ्यांना इचारावं लागंल.

शिव्याही आल्या. नऊ मालकांनी फोन करून विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का? गंमत म्हणजे त्यातले चार माझ्या अकरांत नव्हतेच. एवढी वर्षं मी त्यांना भला समजत होतो.

आणि आता जे लिहितो ते बसून वाच. माझ्या यादीतलं तिसरं घर, बदामाच्या झाडाच्या मागच्याच गल्लीत, म्हातारा फार कडवा. त्याच्या दारात मी १९९९ नंतर थांबलो नाही. परवा त्याचा मुलगा अभय ऑफिसात आला. मला वाटलं भांडायला आला. मी मामीला खुणेनं बोलावून घेतलं.

तो म्हणाला, "काका, जाहिरात वाचली. माझा दोन बेडरूमचा फ्लॅट हाये. कुणालाबी द्या."

मी म्हणालो, "तुमचे वडील?"

"ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. आम्ही कुणाचं काय इचारत नाय. पण काका, तुम्हीच कधी आले नाहीत. मला वाटायचं तुमचा आमच्यावर राग हाये."

रत्ना, नऊ वर्षं! त्या दारासमोरून मी नऊ वर्षं वळसा घालून गेलो. आत विचारायला कोणी उरलंच नव्हतं, आणि मीच आपला म्हाताऱ्याचं काम त्याच्या मागं करत होतो. किती जणांना मी 'विकलं गेलं' म्हणालो असेन, मोजायची हिंमत होत नाही. तुझ्या पत्राचा राग आला होता, तो त्या दिवशी उतरला.

घर अजून तुला दाखवलेलं नाही. येशील का? मी न्यायला येत नाही. पत्ता खाली लिहिलाय, मालकाचा नंबरही लिहिलाय. तू जा, बोल, पाहुणा निघाला तर निघू दे.

पाटी चढवली आहे. रंगाऱ्यानं पूर्ण नाव लिहायला दोन दिवस घेतले, कारण जागा पुरेना.

मामा

*

बजाजनगर,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

जयभीम. घर घेतलं.

अभयदादांनी आधीच सांगितलं, बाथरूमच्या कोपऱ्यात ओल येते आणि वरचे लोक रविवारी मिक्सर फार लावतात. एवढं खरं बोलणारा मालक बघून मीच घाबरले. त्यांनी आडनाव विचारलं नाही, तर मीच सांगितलं. ते म्हणाले, "बरं. वीजमीटर नावावर करताना लागंल, लिहून ठेवतो." एवढंच.

नोंदणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आई वैजापूरहून दोन दिवस आधीच येणार आहे. तिचा प्रश्न आहे, सर्जेरावनं हे घर दाखवलं की तूच शोधलंस? मी म्हणाले, दोघांनी. तिला ते पटलं नाही, पण घरभरणीला येतेय.

कमिशन घेणार नाही असा निरोप मामीकडून पाठवलात तो परत पाठवला आहे. मी पार्टी आहे.

रत्नमाला

*

मुकुंदवाडी,
१२ डिसेंबर २०२५

चि. रत्नमाला,

नव्या घरात बस्तान बसलं असेल. मुक्ताबाईनं माझ्या गालावरून हात फिरवला, साठीत पहिल्यांदा. मी बाहेर जाऊन नळ तपासल्यासारखं केलं.

तुझ्यासमोरचा फ्लॅट भाड्यानं जातोय, म्हणून लिहितो. मालकीण संध्याताई पुण्याला असतात. मागच्या आठवड्यात एका बाईचा फोन आला. आवाज चांगल्या घरातला, पण दबका. म्हणाली, "काका, जाहिरातीत लिहिलंय ते खरंय का? नवऱ्याचं विचारणार नाही ना?" दाताची डॉक्टर आहे, सहा वर्षांची मुलगी आहे. नवऱ्यापासून वेगळी झाली, पुण्याहून परत आलीय. चौदा घरं बघितली. सगळीकडे मिस्टर कुठं असतात विचारलं आणि सगळीकडे सकाळीच टोकन गेलेलं होतं.

घर तिला आवडलं. भाडेकराराला आधार कार्ड लागतं, ते तिनं दिलं. नाव मोनिका. पुढचं वाचलं आणि माझा चष्मा खाली आला. विश्वजीतरावांची लेक आहे ती, सख्खी. ती माझ्याच तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "बाबा म्हणतात एकतर सासरी जा, नाहीतर आमच्या घरात आमच्या नियमानं राहा. त्यांचा वरचा फ्लॅट रिकामाय, पण लेक वेगळी राहिली तर लोक काय म्हणतील. काका, तुम्ही त्यांना ओळखता का?"

मी म्हणालो, "ताई, आमच्याकडं कुणाच्या वडलांचंबी विचारत नाय."

करार केला. रविवारी सामान येईल. समोर कोण राहतं, ते मी तिला सांगितलेलं नाही. आता लपवणं मी सोडलंय, पण हे सांगण्याचा हक्क माझा नाही, तुझा आहे. नको वाटत असेल तर आजच कळव, मी तिला दुसरं घर बघून देतो. खरं घर, वळसा घालून नव्हे.

मामा

*

एन-टू, सिडको,
१५ डिसेंबर २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र फकिराकाकांनी शुक्रवारी दिलं. दोन दिवस मी ते उशीखाली ठेवून झोपले, आणि दोन्ही दिवस ठरवलं की तुम्हाला 'नको' लिहायचं. मग लिहिलं नाही.

काल दुपारी टेम्पो आला. मी दार लावून आत बसले होते. जिन्यात फ्रिज अडकला, हमाल ओरडत होते, एक पोरगी रडत होती. तरी मी उठले नाही. मग बेल वाजली.

मी दार उघडलं आणि ती काही बोलायच्या आत माझं नाव सांगितलं. पूर्ण. वैजापूरसकट. म्हटलं, जे व्हायचं ते दारातच होऊ दे.

तिनं ऐकून घेतलं आणि मग स्वतःचं सांगितलं, तेही पूर्ण. वडिलांच्या नावावर जरा अडखळली. मी फ्लॅट बघायला गेले त्या दिवशी ती त्याच घरात, आतल्या खोलीत होती, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आणि मला ते कळलंय हे माझ्या चेहऱ्यावर तिला. फ्रिज अजून जिन्यातच होता.

मग ती म्हणाली, "माझी शेगडी अजून लावली नाही. हिला दूध तापवून द्याल का?" पातेलं हातात घेऊन आली होती.

मामा, अगदी जिभेवर आलं होतं, की अहो, दुधाचं टोकन सकाळीच कोणीतरी दिलं. एवढा चांगला जबाब मला आयुष्यात पुन्हा सुचणार नाही. पण पोरगी तिच्या मागून माझ्याकडे बघत होती आणि तिला भूक लागली होती.

मी पातेलं घेतलं आणि दूध तापायला ठेवलं. साय नको म्हणाली, म्हणून गाळून दिलं.

तुमची,
रत्नमाला